बहुपदीची सगळी मुळे (जिथे तिची किंमत शून्य होते त्या क्ष च्या किमती) वास्तव आहेत का, हे कसं ओळखायचं?

मालवण ते कुडाळ एसटीत अभ्यास करतेस म्हणालीस, म्हणून तोंडी जमेल तेच आधी सांगते. सूत्राच्या मागे लागू नकोस, चिन्हं बघ. क्ष³ − ३क्ष + १ घे. क्ष = −२, ०, १, २ ठेवलंस की किमती येतात −१, १, −१, ३. चिन्ह तीनदा पालटलं, दर वेळी मध्ये कुठेतरी शून्य आलंच; घात तीनच, म्हणजे तिन्ही मुळे वास्तव. एवढ्यात काम झालं! सरसकट पद्धत हवी असेल तर स्टर्मचं १८२९ चं प्रमेय आहे, पण ते घरी निवांत बसून कर.

रोलचं प्रमेय मात्र पक्कं कर: दोन मुळांच्या मध्ये डेरिव्हेटिव्हचं (बदलाचा दर सांगणाऱ्या बहुपदीचं) एक तरी मूळ असतंच. सगळी मुळे वास्तव असली की डेरिव्हेटिव्हचीही वास्तवच. त्यामुळे क्ष³ + अक्ष² + बक्ष + क मध्ये अ² हा ३ब पेक्षा लहान निघाला, तर सगळी मुळे वास्तव नाहीत, पुढे बघायलाच नको. उलट दिशेने हे चालत नाही हं: क्ष³ − ३क्ष + ५ च्या डेरिव्हेटिव्हची मुळे वास्तव आहेत, तरी तिचं स्वतःचं वास्तव मूळ एकच.

आणि बेरीज! सगळे इथेच फसतात. (क्ष−१)(क्ष−२) आणि (क्ष+१)(क्ष+२) मिळवून बघ. २क्ष² + ४ येतं, एकही वास्तव मूळ नाही. अग्रसहगुणक (सगळ्यात मोठ्या घाताचा सहगुणक) धन असलेल्या, सारख्याच घाताच्या दोन बहुपदींची मुळे एकाआड एक बसत असतील, तर बेरजेची मुळेही वास्तव राहतात. मला या विषयातलं सगळ्यात देखणं हेच वाटतं. (क्ष−१)(क्ष−३) आणि (क्ष−२)(क्ष−४) घेऊन आजच करून बघ.