वाट अडवली, पण दाद कोणाकडे मागायची?

पुणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

मुळशीच्या पक्षकारासाठी केलेला तुझा अर्ज वाचला. शेजाऱ्याने तारेचं कुंपण घालून वहिवाटीची वाट कशी बंद केली, ते नेमकं आलं आहे. पण मथळ्यात तू महसूल अधिनियमाचं कलम १४३ आणि मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५ अशी दोन्ही घातली आहेस. असा अर्ज पौडच्या तहसील कचेरीत देऊ नकोस.

दोन्हीकडे निर्णय तहसीलदारच देतात, म्हणून गल्लत होते. १९६६ च्या महसूल अधिनियमातलं १४३ कलम ज्याला शेतात जायला वाटच नाही त्याच्यासाठी आहे. दुसऱ्याच्या हद्दीवरून नवी वाट मिळावी, ही त्यातली मागणी. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम ५ चालू वाटेतला अडथळा काढण्यासाठी. एकाच अर्जात 'वाट पूर्वापार आहे' आणि 'नवी वाट द्या' असं म्हटलंस, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारेल, वाट होती की नव्हती? तहसीलदारांनी हुकूम दिला तरी तो कोणत्या अधिकारात दिला हे स्पष्ट नसतं, आणि वरच्या पायरीवर तो तेवढ्यावरच रद्द होऊ शकतो. फेरचौकशीला प्रकरण खाली येईपर्यंत पेरणीचे हंगाम निघून जातात. हे मला फार लागतं, कारण त्यात शेतकऱ्याची काहीच चूक नसते.

पुढची दादही निराळी. १४३ च्या निर्णयावर अपील आहे, किंवा एका वर्षात दिवाणी दावा. दावा लावला की अपील आणि रिव्हिजन, म्हणजे वरिष्ठांकडून फेरतपासणी, दोन्ही बंद. कलम ५ च्या निकालावर अपील नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे रिव्हिजन, आणि ती बहुधा प्रांतांसमोर, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर, चालते. वाटेवरचा हक्क कायमचा जाहीर करून हवा असेल तर दिवाणी न्यायालयातच जावं लागेल. तिथे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे २० वर्षांचा अखंड, उघड वापर शाबीत करायचा, किंवा स्थानिक रूढी. रूढी सांगणार असशील तर ती दाव्यात स्पष्ट लिही. साक्षीत अचानक काढलेली रूढी टिकत नाही.

शिवाजीनगर कोर्टात तू ऐकलं असशील की अधिकारक्षेत्राची हरकत केव्हाही घेता येते. हे अर्धंच खरं. दावा चुकीच्या गावी किंवा चुकीच्या मूल्यांकनावर लावला असेल तर हरकत अगदी सुरुवातीलाच घ्यावी लागते. विषयच त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा असेल, तर मात्र हुकूमनामा मुळातच शून्य. सर्वोच्च न्यायालयाने किरण सिंग विरुद्ध चमन पासवान (१९५४) मध्ये सांगितलं की असा दोष दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या वेळीही, काढता येतो. म्हणून प्रतिवादीने 'मी कूळ आहे' म्हटलं की सावध हो. कुळकायद्याच्या कलम ८५ ने तो प्रश्न दिवाणी न्यायालयाकडून काढून घेतला आहे. कलम ८५-अ प्रमाणे तो मुद्दा मामलेदाराकडे, म्हणजे तहसीलदाराकडे, निर्णयासाठी पाठवावा लागतो.

सातबाऱ्यावरच्या सगळ्या सहहिस्सेदारांना पक्षकार कर. त्यात मयताचं नाव असेल तर आधी वारस शोध. मेलेल्या माणसाविरुद्धचा हुकूम काही कामाचा नाही. गाव नकाशा काढून तुटक रेषेने वाट दाखवली आहे का पाहा. स्थळपाहणीची नोटीस समोरच्याला मिळाल्याचा कागद रेकॉर्डवर असू दे. त्याच्या गैरहजेरीत, न कळवता केलेला पंचनामा तुझ्या पक्षकाराच्याच अंगावर येईल.

आणि एक तातडीचं. कलम ५ ची मुदत अडथळ्यापासून ६ महिने आहे. अर्जात तू 'काही महिन्यांपूर्वी' एवढंच लिहिलं आहेस. कुंपण कोणत्या दिवशी पडलं, कोणी पाहिलं, हे पक्षकाराला आजच फोन करून विचार. मुदत उरली असेल तर १४३ काढून टाक आणि याच आठवड्यात अर्ज दाखल कर. उरली नसेल तर दिवाणी दाव्याचा मसुदा घेऊन शनिवारी ये, आपण एकत्र बसू.

तुझा,
काका