रस्ता नसलेल्या ओल्ड क्रो गावाचा चरितार्थ कसा चालतो?

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला पॉर्क्युपाइन नदीकाठी वसलेल्या सुमारे अडीचशे वस्तीच्या या गावाला बारमाही रस्ता नाही. त्यामुळे पिठापासून डिझेलपर्यंत बहुतेक माल विमानाने येतो आणि साहजिकच महाग पडतो. म्हणूनच येथील वुंटुट ग्विचिन या मूळनिवासी लोकांसाठी कॅरिबू हरणांची शिकार हा छंद नसून घरचा शिधा आहे: शरद ऋतूत कळप नदी पोहून ओलांडू लागले की होड्या निघतात आणि नंतर मांसाच्या पातळ पट्ट्या वाळवून साठवल्या जातात. रोख पगाराची कामे मुख्यतः या समाजाच्या स्वशासनाच्या कचेरीत मिळतात. माल आणणाऱ्या एअर नॉर्थ कंपनीत या समाजाची स्वतःची भागीदारी आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. २०२१ पासून सौर प्रकल्पामुळे उन्हाळ्यात डिझेलची जनित्रे काही काळ बंदही ठेवता येतात.