पेटीतनं पोरगं काढायचंय? आधी पुठ्ठा आणा

गणपती जवळ आले की कोल्हापुरात जादूच्या सामानाचे प्रश्न सुरू होतात, यंदापण तेच, म्हणून या वेळी सगळे एकत्रच घेतलेत.

प्रश्न: काका, आमच्या मंडळानं यंदा देखाव्याबरोबर जादूचा शो ठरवलाय. उभं कपाट, आत रिकामं दाखवायचं, दार लावायचं, परत उघडलं की आतनं पोरगा बाहेर. आरशाचं काहीतरी असतं एवढं कळलंय. माप सांगा, आणि प्लाय किती एमएमचा घेऊ? (मंगळवार पेठ)

उत्तर: भावा, प्लायचं नंतर बघू, आधी सांग शो हॉलमध्ये की चौकात? शाहू स्मारकसारख्या हॉलमध्ये सगळे समोर बसतात, तिथं आरसा चालतो. चौकात पब्लिक तीन बाजूनं, कोण कट्ट्यावर, कोण गाडीवर चढून, आणि बाजूनं बघणाऱ्याला आरशात कपाट नाही तर समोरचे लाईट आणि गर्दी दिसणार. चौकातच करायचं असेल तर दोन्हीकडनं कनाती लावा आणि लोकांना मधल्या पट्ट्यातच उभं करा, जमत नसेल तर आरशाचा नाद सोडून दुसरं काहीतरी घ्या.

आता माप. ही आयडिया जुनी आहे, १८६५ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये टोबिन आणि पेपर या दोघांनी असंच कपाट लोकांना दाखवलं होतं, त्याच साली टोबिनचीच युक्ती वापरून कर्नल स्टोडेअर नावाच्या जादूगारानं टेबलावर नुसतं बोलणारं मुंडकं दाखवलं, तिथं आरसे टेबलाच्या पायांमधे होते. तुझं कपाट आतनं ३ फूट बाय ३ फूट धर. बरोबर मध्ये एक उभा खांब. मागच्या दोन्ही कोपऱ्यांपासून खांबापर्यंत एकेक आरसा, ४५ अंशात, म्हणजे प्रत्येकाची रुंदी साधारण साडेपंचवीस इंच. समोरच्याला आरशात दिसते ती बाजूची भिंत, मागची अर्धी, आणि नजरेला ती बरोबर तेवढ्याच अंतरावर पडते जेवढ्यावर मागची भिंत आहे, त्यामुळं डोकं म्हणतं कपाट मागपर्यंत रिकामं. म्हणून तिन्ही भिंतींना एकच कागद पाहिजे, आणि तळाला साधा रंग नाहीतर चौकटी, तिरप्या रेघा अजिबात नकोत. खांब असतो तो दोन आरशांचा जोड झाकायला, लोकांना उगाच वाटतं मजबुतीसाठी ठेवलाय. दार लावल्यावर पोरानं आरसे बिजागरीवर फिरवून बाजूच्या भिंतीला टेकवायचे, मग आरशाची पाठ पब्लिकला दिसणार, तिलापण तोच कागद, हे विसरलास तर सगळं मुसळ केरात.

आरशामागं जागा उरते त्रिकोणी, लांबी ३ फूट पण मध्ये खोली जेमतेम दीड फूट. तिथं पोरगा भिंतीला पाठ लावून उभा राहतो की नाही ते आधी पुठ्ठ्यात बघ. फ्रिजचा खोका आण, फाड, चिकटव, पोराला आत उभं कर, मोबाईल कडेच्या खुर्चीवर ठेवून व्हिडिओ काढ, काय दिसतंय ते लगेच कळेल. सुताराला ऑर्डर त्याच्यानंतर.

आरसा काचेचा घेऊ नको. ६ फूट उंचीचा ५ एमएमचा एक आरसा १५ किलोच्या आसपास जातो आणि फुटला तर आत पोरगा आहे. ३ एमएमचा अ‍ॅक्रिलिक आरसा सव्वाचार किलोत होतो, फक्त तो वाकतो आणि चेहरे जत्रेतल्यासारखे दिसतात, म्हणून मागं ६ एमएम प्लाय चिकटवून सपाट करून घे. बाकी सांगाडा एक इंची स्क्वेअर पाईपचा, उद्यमनगरात कुणीपण वेल्डिंग करून देईल, त्यावर ६ एमएम प्लाय. १८ एमएमची ८ बाय ४ ची शीट ३० किलोच्या वर जाते, तेवढं उचलून मंडळाची पोरं शो आधीच खलास. खाली लॉकची चाकं. आणि शोच्या दिवशी आरशाला बोटं लावू नका राव, एक ठसा पहिल्या रांगेला दिसतो.

प्रश्न: आमच्या ट्रॉलीचं पेटाड, म्हणजे माणूस लपायची खालची पेटी, जाड दिसतं, माणूस आत लपलाय हे लहान पोरंपण ओळखतात. काय करू? (राजारामपुरी)

उत्तर: कडा बारीक करा. पुढची कड दीड-दोन इंचाची ठेवा, तिथून खालचा भाग आत तिरका घ्या म्हणजे मध्ये सात-आठ इंच खोली मिळते पण समोरून दिसत नाही. तिरका भाग मॅट काळा, आणि कडेला सोनेरी पट्टी. नजर त्या पट्टीवरच थांबते, तिलाच जाडी समजते. ऑइल पेंटचा काळा मारू नका, स्टेज लाईटमध्ये तो चमकतो. काळं मखमल सगळ्यात भारी, पण सगळे तुकडे एकाच दिशेनं लावा, उलटसुलट लावले की ठिगळं दिसतात.

प्रश्न: माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला शोमध्ये पेटीत बसायला सांगितलंय. काही धोका? (कसबा बावडा)

उत्तर: ताई, आधी पेटी स्वतः बघून या. आतून उघडता येणारी कडी आहे का, मागं-खाली हवेची भोकं आहेत का, खिळ्यांची टोकं घासलीत का. बाहेरून कुलूप लावत असतील तर नाही म्हणून सांगा, कुलूप खोटं असलं तरी चालतं, प्रेक्षकाला काय कळतंय. पेटी तिच्या मापाची करून घ्यायची, तिनं पेटीच्या मापाचं व्हायचं नाही. ओढणी, मोकळे केस, बांगड्या नकोत. थांबायचं असेल तर आतून ठोकायची खूण ठरवा आणि ती ऐकायला एक मोठं माणूस विंगेत, त्याला दुसरं काम द्यायचं नाही. तिला अंधारात भीती वाटत असेल तर विषय संपला.

प्रश्न: पेटी उघडताना आतून फ्लॅश आणि धूर काढला तर? (शिवाजी पेठ)

उत्तर: नको. प्लाय, फेव्हिकॉल, कापड आणि आत माणूस. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळताना अख्ख्या गावानं बघितलंय, अजून काय सांगू.

प्रश्न: इंटरनेटवर एका परदेशी जादूगाराचा आयटम बघितला, तसाच बनवला तर चालतंय का? (फुलेवाडी)

उत्तर: ४५ अंशाचा आरसा, काळ्या पडद्यापुढं काळ्या कापडानं वस्तू लपवणं, तिरकी कड, ही सगळ्यांचीच मालमत्ता, बिनधास्त वापरा. पण आज जिवंत असलेल्या माणसानं डोकं चालवून काढलेली नवी पेटी जशीच्या तशी उचलायची नाही. बाईला करवतीनं कापायचा प्रयोग सेल्बिट नावाच्या जादूगारानं जानेवारी १९२१ मध्ये लंडनला केला आणि त्याच वर्षी अमेरिकेत होरेस गोल्डिननं स्वतःची वेगळी पेटी काढली, म्हणजे एकाच कल्पनेत दोन रचना बसतात. बरेच डिझायनर नकाशे हक्कासकट विकतात, ते घ्या, आणि मापं फुटात करून मगच सुताराकडं जा, नाहीतर तो इंच-मिलिमीटरचा घोळ घालून आरसाच दाराबाहेर काढेल.