वाचकांचे प्रश्न : संकल्पना नकाशाला गुण कसे द्यावेत?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील एका अध्यापक महाविद्यालयात मी विज्ञान अध्यापनपद्धती शिकवते. ‘भरती-ओहोटी’ या घटकावर छात्राध्यापकांकडून संकल्पना नकाशे (चौकटींत संकल्पना आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांवर त्यांचा संबंध सांगणारे शब्द) काढून घेऊन ते नोव्हाक यांच्या पद्धतीने तपासले. ज्यांना तोंडी परीक्षेत हा घटक उलगडून सांगता आला नाही, त्यांतील काहींना नकाशात मात्र भरघोस गुण मिळाले. अंतर्गत मूल्यमापनात हे गुण धरावेत का?

उत्तर : निदान या स्वरूपात तरी धरू नयेत. जोसेफ नोव्हाक यांनी १९७० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात हे साधन घडवले, ते मुलांच्या मुलाखतींतून त्यांची विज्ञानाची समज कशी बदलत जाते हे टिपण्यासाठी. पुढे १९८४ मध्ये नोव्हाक व गोविन यांनी मांडलेल्या गुणांकनात प्रत्येक ग्राह्य विधानाला (दोन चौकटी व त्यांमधील रेघेवरचे शब्द मिळून होणाऱ्या वाक्याला) १, व्यापक संकल्पनेकडून विशिष्ट संकल्पनेकडे उतरणाऱ्या श्रेणीच्या प्रत्येक ग्राह्य पातळीला ५ आणि दोन शाखांना सांधणाऱ्या आडव्या दुव्याला १० गुण आहेत. पाठ्यपुस्तकातील मथळे वरून खाली ओळीने उतरवले, तरी पातळ्यांचे गुण पदरात पडतात. आपल्याकडे बहुधा हेच झाले असावे.

म्हणून चौकटी मोजण्याआधी रेघांवरचे शब्द वाचावेत. ‘चंद्र’ आणि ‘भरती’ यांमधील रेघेवर नुसते ‘मुळे’ लिहिले असेल, तर त्यातून समजेचा काहीच पत्ता लागत नाही. ‘चंद्र पाणी खेचतो म्हणून भरती येते’ या विधानाला आपण सहज गुण देऊन टाकतो. पण त्याच वेळी पृथ्वीच्या विरुद्ध बाजूलाही भरती का असते आणि सुमारे १२ तास २५ मिनिटांनी पाणी पुन्हा का चढते, हे त्यातून कळत नाही. चंद्राचे आकर्षण जवळच्या बाजूवर अधिक व दूरच्या बाजूवर कमी असते आणि या फरकामुळे दोन्हीकडे पाणी फुगते, इतके रेघांवर उमटले असेल, तरच पूर्ण गुण द्यावेत.

किनाऱ्यावर वाढलेल्या छात्राध्यापकाला अमावास्या-पौर्णिमेचे उधाण (मोठी भरती) आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग (लहान भरती) घरीच ठाऊक झालेला असतो. तरीही त्याच्या नकाशात ‘सूर्य’ ही चौकट अनेकदा नसतेच, कारण घरचे ज्ञान परीक्षेच्या कागदावर आणायचे नसते, असा त्याचा (आणि कधीकधी आपलाही) समज असतो. सूर्य व चंद्र पृथ्वीपासून काटकोनात असताना त्यांचे परिणाम एकमेकांना उणे करतात, हे सांगणारा ‘सूर्य’ आणि ‘भांग’ यांमधील दुवा कोणी आपण होऊन काढला, तर १० गुण देताना मी हात आखडता घेणार नाही.

पुढच्या वेळी नकाशाच्या माथ्यावर नेमका प्रश्न द्यावा. उदाहरणार्थ, ‘हर्णैला भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे का जाते?’ नकाशा काढण्याचा सराव आधी दुसऱ्याच घटकावर करून घ्यावा, नाहीतर तपासले जाते ते रेखाटनाचे कसब. पाठापूर्वीचा व पाठानंतरचा नकाशा शेजारी ठेवून प्रत्येकाला कोणत्याही दोन रेघांविषयी तोंडी विचारावे आणि ते उत्तर ऐकल्यावरच त्या विधानांचे गुण कायम करावेत.