स्पिरुलिना, कुटजारिष्ट आणि तळपायाच्या मुंग्या

प्रश्न : वय ५८, शुद्ध शाकाहारी. मधुमेहासाठी नऊ वर्षं मेटफॉर्मिन घेतो, रोज २ ग्रॅम. तळपायांना मुंग्या येतात, बी-१२ तपासलं तर १६० निघालं. पोटही वरचेवर बिघडतं. इंजेक्शनांऐवजी स्पिरुलिना (हिरव्या-निळ्या शेवाळाची पूड) आणि जुलाबांवर कुटजारिष्ट घेतलं तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : स्पिरुलिनावर मुळीच विसंबू नका. त्यातलं बहुतेक बी-१२ शरीराला वापरता येत नाही अशा रूपात असतं. २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आकडा म्हणजे कमतरता. मेटफॉर्मिनमुळे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ कमी शोषलं जातं, त्यात शाकाहार. पेलाभर दुधातून जेमतेम १ मायक्रोग्रॅम मिळतं, त्यानं हा खड्डा भरत नाही.

इंजेक्शनाला पर्याय आहे, तो म्हणजे रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी. एवढ्या मोठ्या मात्रेतलं साधारण एक टक्का नेहमीच्या मार्गाशिवायही रक्तात उतरतं, आणि ते पुरतं. साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये मात्रा फार कमी असते, पाकिटावरचा आकडा वाचा. मात्र मुंग्या सुरू झाल्यात, तेव्हा सुरुवात इंजेक्शनानं करायची का हे डॉक्टरांना ठरवू द्या. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नका : रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची हानी आतून चालूच राहते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. मुंग्या मधुमेहामुळेही येतात, म्हणून पायांची संवेदनाही तपासून घ्या.

आता पोट. आधी शौचाची तपासणी करा, कारण जुलाब खुद्द मेटफॉर्मिननंही होतात. तसं असेल तर मेटफॉर्मिनचीच हळूहळू विरघळणारी गोळी जेवणासोबत घेऊन बहुधा फरक पडतो. कुड्याची (कुटजाची) साल हे आवेवरचं जुनं औषध खरं, पण अरिष्टात गूळ असतो आणि आंबवताना मद्यार्कही तयार होतो. साखर वाढते, आणि मेट्रोनिडॅझोल (आवेवरची गोळी) चालू असेल तर मद्यार्कामुळे अरिष्ट टाळाच. घ्यायचंच तर कुटजघन वटीबद्दल (कुड्याच्या अर्काची गोळी) वैद्यांना विचारा.

पाण्यासारखे जुलाब लागले की मधुमेही माणूस साखरेच्या धास्तीनं जलसंजीवनी टाळतो. ही चूक करू नका. उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, ६ सपाट चमचे (चहाचे) साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, घोटघोट प्या. त्या दिवशी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. इन्सुलिन घेत असाल तर ते मनानं बंद करू नका. शौचात रक्त, ताप, सतत उलट्या किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.