मेकॅनिकलची ओढ आहे, पण त्यात शिकवतात तरी काय?

सप्रेम नमस्कार,

नेरुळहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपली मुलगी यंदा दहावीत असून तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंगची ओढ आहे. नातेवाईक मात्र ‘आता कॉम्प्युटरशिवाय काही खरे नाही’ असे सांगत आहेत, आणि आपण स्वतः वाणिज्य शाखेच्या पदवीधर असल्यामुळे या विषयात नेमके काय शिकवतात हेच आपल्याला ठाऊक नाही, असे आपण लिहिले आहे. बेलापूरच्या पारसिक हिलवर सायकल चढवताना हलका गिअर टाकला की चढ सोपा का होतो, हा तिचा प्रश्नही आपण कळवला आहे. शाखेच्या निवडीकडे मी पुढे येईन. आधी तिच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण या उत्तरात तिचे मन रमते की नाही यावर निर्णय बराचसा अवलंबून असावा, असे माझे मत आहे.

समजा, सायकलच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागे १४ व २८ दात्यांची दोन चक्रे आहेत. चेन १४ दात्यांवर असताना पेडलच्या एका फेरीत मागचे चाक ३.१४ वेळा फिरते, तर २८ दात्यांवर ते १.५७ वेळाच फिरते. चाकाचा परिघ २ मीटरच्या आसपास धरला, तर पहिल्या गिअरमध्ये एका फेरीत सुमारे सव्वासहा मीटर आणि दुसऱ्यात सुमारे तीन मीटर अंतर कापले जाते. म्हणजे २८ दात्यांच्या हलक्या गिअरमध्ये पायाला निम्मे बल लावावे लागते, पण तेवढेच अंतर जायला पेडल दुप्पट वेळा फिरवावे लागते. तिचे आणि सायकलचे मिळून वजन ६० किलो असेल आणि तिला १०० मीटर उंची गाठायची असेल, तर सुमारे ५९ हजार ज्यूल (ज्यूल हे कार्याचे एकक; ६० × ९.८ × १००) कार्य करावेच लागते. त्यात कोणताही गिअर सूट देत नाही, उलट चेनमधील आणि चाकांतील घर्षणापोटी थोडी भर घालावी लागते. आपण वाणिज्य शाखेच्या आहात म्हणून म्हणतो, ऊर्जेची खातेवही नेहमी जुळते, आणि जिथे ती जुळत नाही असे वाटते तिथे उष्णतेच्या खात्यावर काहीतरी गेलेले असते. हीच चढण तिने १० मिनिटांत पार केली, तर तिची शक्ती, म्हणजे दर सेकंदाला केलेले कार्य, सुमारे ९८ वॉट भरेल. कार्य, बल आणि शक्ती या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ज्याला स्वतःच्या आकडेमोडीतून उमगते त्याने या विषयाचा मोठा उंबरठा ओलांडला, असे मी मानतो. तिने आपल्या सायकलचे दाते मोजून हीच आकडेमोड स्वतः करून पाहावी.

दुसरे उदाहरण स्वयंपाकघरातले आहे. प्रेशर कुकरमध्ये हवेच्या दाबापेक्षा साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब अधिक असतो आणि त्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळते. शिट्टीखालच्या छिद्राचा व्यास ३ मिलिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ अवघे ०.०७ चौरस सेंटिमीटर भरते आणि ७० ग्रॅमचे वजन तो दाब अडवून धरायला पुरते. त्याच वेळी २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाखाली ३१४ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ असते. म्हणजे झाकणावर तीनशे किलोंहून अधिक जोर येत असतो! दाब तोच, पण क्षेत्रफळ बदलले की बल किती बदलते, हे आपल्या ओट्यावर रोज घडते. आतून बसणारे झाकण दाबाबरोबर अधिक घट्ट का बसते आणि शिट्टी तुंबली तर सुरक्षा झडप का लागते, याची उत्तरे याच गुणाकारात आहेत.

तिसरी कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते, आणि ती आपल्या रोजच्या लोकलशी निगडित आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातील पहिली प्रवासी रेल्वे ३४ किलोमीटर धावली. त्याच सुमारास युरोपात रेल्वेचे आस, म्हणजे चाकांना जोडणारे दांडे, अधूनमधून मोडत होते, आणि गंमत अशी की त्यांच्यावरचा भार त्यांना सहज पेलवणारा होता. जर्मन अभियंता ऑगस्ट वोलर यांनी पुढे वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की एकदाच लावला तर निरुपद्रवी ठरणारा भार लाखो वेळा उलटसुलट पडला, तर धातूत बारीक तडा जाऊन तो वाढत जातो. फिरणाऱ्या आसाचा प्रत्येक भाग एका फेरीत एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. चाकाचा परिघ ३ मीटर धरला, तर मुंबईहून ठाण्याला येईपर्यंतच असे सुमारे ११ हजार वेळा घडते. म्हणून अभियंता ‘हा दांडा किती वजन पेलेल?’ एवढेच विचारत नाही, तर ‘किती वेळा पेलेल?’ असेही विचारतो. या धातूच्या थकव्याला आमच्याकडे फटीग म्हणतात.

उष्णतेविषयी थोडक्यात सांगतो. उष्णतेचे संपूर्णपणे कार्यात रूपांतर करणारे इंजिन बनवता येत नाही, याचा पाया फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये घातला. १२० अंशांची वाफ आणि ३० अंशांची बाहेरची हवा यांच्यामध्ये चालणारे आदर्श इंजिनही जास्तीत जास्त २३ टक्केच उष्णता वापरू शकते. विजेच्या गाड्या आल्या म्हणून मेकॅनिकल संपले, असे जे आपल्या नातेवाइकांना वाटते, त्याचे उत्तरही इथेच आहे. इंजिन गेले तरी बॅटरी थंड ठेवणे, गिअर, बेअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन आणि गाडीचा सांगाडा हे सारे मेकॅनिकलचेच काम राहते. कॉम्प्युटरचे म्हणाल, तर आज यंत्राचे चित्र संगणकावरच काढतात आणि वर्कशॉपमधील सीएनसी लेथही, म्हणजे धातू कापून आकार देणारे संगणकनियंत्रित यंत्रही, प्रोग्रामवर चालतो. त्यामुळे तिने प्रोग्रामिंग अवश्य शिकावे.

मुलीने वर्कशॉपमध्ये काम करावे का, ही शंका आपण दबक्या शब्दांत विचारली आहे. माझ्या मते ती निर्णयात येऊच देऊ नये.

आता मार्गांविषयी. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, किंवा अकरावी-बारावी विज्ञान करून सीईटी अथवा जेईई देऊन चार वर्षांची पदवी घेता येते. दोन्ही वाटांनी एकूण सहा वर्षेच लागतात. डिप्लोमात ड्रॉइंग आणि वर्कशॉप लवकर हाताखाली येतात, पण गणित तुलनेने कमी होत असल्याने पदवीच्या दुसऱ्या वर्षाला अनेकांची दमछाक होते. वर दिलेली आकडेमोड तिला आवडीने करावीशी वाटली, तर अकरावी विज्ञान घ्यावे. तिला आकड्यांपेक्षा फायलिंग (कानशीने घासणे), फिटिंग (भाग जुळवणे) आणि मोजमाप यांत अधिक गोडी वाटली, तर डिप्लोमा निःशंकपणे निवडावा. मात्र त्या तीन वर्षांत बारावीचे कॅल्क्युलस स्वतंत्रपणे करून घ्यावे. आणि फक्त वेगवान गाड्यांचे आकर्षण असून हिशेबाचा कंटाळा येत असेल, तर अकरावीत विज्ञानच ठेवून, शाखेचा निर्णय बारावीपर्यंत पुढे ढकलावा.

आपला,
करिअर मार्गदर्शक, ठाणे