‘नांदायला ये’चं समन्स आणि आजीची भीती

प्रश्न: नवऱ्याने माझी नोकरी सोडायला लावली, एटीएम कार्ड काढून घेतलं. माहेरी फोन करायलाही त्याची परवानगी लागायची. आठ महिन्यांपूर्वी मी आईकडे निघून आले. आता हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली, म्हणजे बायकोने नांदायला परत यावं या नवऱ्याच्या दाव्यात, कोर्टाचं समन्स आलंय. आजी म्हणते, नांदायला गेली नाहीस तर तुरुंगात टाकतील. खरं का?

उत्तर: ताई, आजी म्हणतात तसा कायदा होता, पण १९२३ पर्यंत.

त्या काळचं गाजलेलं उदाहरण रखमाबाईंचं. त्यांचं लग्न अकराव्या वर्षी झालं. सासरी त्या कधी नांदल्याच नाहीत. १८८४ मध्ये पती दादाजी भिकाजींनी मुंबई हायकोर्टात ‘नांदायला ये’ असा दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. असला दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे, इंग्लंडातून आलेला, असं त्यांचं म्हणणं. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. बाई कैदेला तयार झाल्या! (खुद्द इंग्लंडात ही कैद १८८४ मध्येच रद्द झाली होती.) पुरुषाला दुसरं लग्न करायला आडकाठी नव्हती; हिंदू बाईला घटस्फोट मात्र नव्हता. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला आणि रखमाबाई डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या.

आज नांदायला जाण्याचा कोर्टाचा हुकूमनामा तुमच्याविरुद्ध झाला तरी पोलीस तुम्हाला सासरी नेऊन सोडू शकत नाहीत. फार तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. म्हणून समन्स फडताळात टाकू नका. गैरहजर राहिलात तर निकाल एकतर्फी होईल. वेगळं राहायला वाजवी कारण होतं, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आहे. राजीनाम्याची तारीख, बँकेचा उतारा, त्याचे मेसेज, सगळं जपून ठेवा आणि कैफियतीत, म्हणजे कोर्टाला द्यायच्या लेखी उत्तरात, मांडा. त्याच दाव्यात कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि खर्च मागा.

असे दावे पुष्कळदा बायको परत हवी म्हणून नसतात, पोटगी टाळायला असतात. तो डाव आता तितका चालत नाही. नांदायला न जाण्याचं पुरेसं कारण असेल, तर नवऱ्याच्या हाती असा हुकूमनामा असला तरी पोटगी मिळू शकते, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. मात्र हुकूमनाम्यानंतर वर्षभर एकत्र आला नाहीत, तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. समन्सवरच्या तारखेआधीच जा.